त्याचा आवाज कुणी काढायचा?

सोलापुरात रेकॉर्डिंगची खोली करायची तर एक सोय आयती हाताशी असते. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून मुंबई-पुण्यात लोक महागडा फोम चिकटवतात. आम्ही जॅकार्डच्या चादरी टांगल्या. जुळे सोलापुरातल्या घराची मागची खोली, तीन भिंतींना दुहेरी चादरी, दाराला रजई, खिडकीच्या फटींत टॉवेलच्या गुंडाळ्या. आवाजातली चरचर, खणखण चादर पिऊन टाकते. विजापूर रोडवरच्या ट्रकची घरघर मात्र तिला जुमानत नाही, कारण खालचे जाड स्वर कापडातून आरपार जातात. म्हणून काम रात्री. तेही एप्रिलमध्ये, पंखा बंद, एसी बंद, कारण दोन्ही माइकला ऐकू येतात. दिवसा पारा त्रेचाळीसच्या वर गेलेला असतो आणि भिंती ती धग मध्यरात्रीपर्यंत सोडत बसतात.

अशा खोलीत बसून मी एका अपहरणकर्त्याचं प्रेम वाचून काढलं.

माझं काम ऑडिओबुक वाचण्याचं. त्याआधी बरीच वर्षं सोलापूर आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषिका होते; महिन्यात मोजक्या ड्युट्या, बाकीचे दिवस शिकवण्या. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं, मग आणखी कंपन्या आल्या, आणि मराठी पुस्तकं कानाने वाचणारा एक वर्ग तयार झाला. स्वयंपाक करताना, पुण्याच्या गाडीत, मागावर उभं राहूनसुद्धा लोक ऐकतात. या वर्गाला रहस्यकथा फार लागतात. त्यामुळे एका कंपनीकडून ही कादंबरी आली तेव्हा नवल वाटलं नाही. नवल एवढंच की नायिका रेडिओवाली होती आणि गाव आमचंच होतं.

कादंबरीचा सांगाडा सांगायला हवा. खासगी एफएमवर रात्री अकरा ते दोन बोलणारी एक मुलगी. तिला रोज ऐकणारा, कधीच फोन न करणारा एक माणूस. एका रात्री कार्यक्रम संपवून ती पार्किंगमध्ये येते आणि तो तिला उचलतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या बंद कारखान्यात ठेवतो. तिच्याकडून निरोप रेकॉर्ड करून घेतो, ते स्टेशनला पाठवतो, स्टेशन ते हवेवर सोडतं, शहर जागं राहतं. दरम्यान तो तिला चहा देतो, चादर देतो, तिच्या जुन्या कार्यक्रमांतली वाक्यं पाठ म्हणून दाखवतो. ती हळूहळू विरघळते. शेवटी कळतं की तिला दुसऱ्याच कुणापासून वाचवण्यासाठी त्याने तिला पळवलं होतं. म्हणजे तीनशे पानं ज्याची भीती वाटली त्याला वाचकाने शेवटच्या वीस पानांत जावई करून घ्यायचं.

आमच्या लहानपणी असं नव्हतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वडील त्या पिशवीत लपवून आणत आणि आई ती पिशवी बरोबर शोधून काढी. झुंजार असो की काळापहाड, पळवलेली बाई खुर्चीला बांधलेली असायची आणि बांधणारा हरामखोर असायचा, त्यात कुणाला शंका नसे. पुढे सुहास शिरवळकरांनी भाषा कॉलेजच्या कट्ट्यावर आणली, दारा बुलंद आणि अमर विश्वास आले, बायकाही जरा बोलू लागल्या. तरी पळवणारा तो पळवणाराच राहिला. त्याला प्रियकर करायची टूम अलीकडची. मोबाइलवरच्या कथांच्या अॅपवर एकदा फिरून या. मुलीला उचलून नेणारा श्रीमंत, रागीट, मनाने हळवा नायक तिथे पायलीला पन्नास मिळतो. लिहिणाऱ्याही बऱ्याचशा बायकाच, वाचणाऱ्याही. मी त्यावर नाक मुरडत नाही. घरात ज्यांना कुणी ‘जेवलीस का’ विचारत नाही त्यांना जगातल्या सगळ्या दारांना कुलपं लावून फक्त आपल्याकडे बघणारा पुरुष कल्पनेत हवासा वाटला, तर ती हकिकत त्या घरांची आहे.

लेखक भेटायला आला तो ऐन उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून. तिशीतला मुलगा, पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा, शिक्षण मराठीतून. वडिलांचे टॉवेलचे माग. मला ‘मॅडम’ म्हणत होता, आईशी फोनवर तेलुगूत बोलत होता आणि मित्राचा फोन आला की ‘काय बे’ सुरू. मी म्हटलं, ‘‘तुझा अपहरणकर्ता सदाशिव पेठेत शिकलाय का रे? सोलापुरात लहानाचा मोठा झालेला माणूस तीनशे पानांत एकदासुद्धा ‘बे’ म्हणत नाही?’’

तो लाजला. ‘‘हिरो आहे मॅडम.’’

‘‘मग हिरोने बे म्हणू नये असं कुठे लिहिलंय?’’

रेडिओच्या बाबतीत त्याने बरंच काही मनाने रचलं होतं. लहान शहरांत रात्री उशिरा खासगी एफएमवर बहुधा संगणकच गाणी लावत असतो; स्टुडिओत मुलगी एकटी, बाहेर पाऊस, काचेवर थेंब, हे चित्र सिनेमातलं. दुसरं, अपहरणाची बातमी तिचंच स्टेशन फोडतं. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात, तेवढंच. तिसरं, तिला पळवल्यावर तो थेट कार्यक्रमात फोन करून धमकी देतो. आमच्याकडे आकाशवाणीवर फोनवरची फर्माईश बहुतेक आधी रेकॉर्ड व्हायची. कुणी घसरलं, कुणी उमेदवाराचा प्रचार केला, तर ते तिथेच कापलं जायचं. आणि हे नसतंच तरी प्रत्येक मिनिटाला काय वाजणार हे क्यू-शीटवर लिहिलेलं, ड्यूटी रूममध्ये ड्यूटी ऑफिसर कान लावून बसलेला, काय वाजलं आणि काय चुकलं त्याची लॉगबुकात नोंद. पहिली सभा, दुसरी सभा, तिसरी सभा, म्हणजे सकाळ, दुपार, संध्याकाळची प्रसारणं. पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांसाठी सेकंदाचा हिशेब. धमकी द्यायला आलेल्या माणसाला आधी गेटवरच्या नोंदवहीत नाव, गाव आणि कुणाला भेटायचं ते लिहावं लागलं असतं.

तो खूप हसला. पण वहीत उतरवून घेत होता, हे मला आवडलं.

एवढं सगळं चुकीचं असून एक गोष्ट मात्र त्याला नेमकी सापडली होती, आणि ती कुणी सांगितली असंही नव्हतं. तो माणूस तिच्या प्रेमात का पडतो? कारण ती त्याच्याशी बोलते. शहरात हजारो जण ऐकत असतात, पण त्याला खात्री असते की ती आपल्याशीच बोलतेय. हे त्याचं वेड नव्हे. हे आमचं कसब आहे. मी नवीन असताना एका ज्येष्ठ उद्घोषकांनी सांगितलं होतं, सभेत बोलतेस तसं बोलू नकोस. समोर एकच माणूस बसलाय असं समज. त्याचा दिवस कसा गेला ते तुला माहीत आहे असं समज. ‘श्रोतेहो’ म्हणताना तोंडात अनेकवचन असलं तरी डोळ्यांपुढे एकच चेहरा ठेव. वर्षानुवर्षं मी तो चेहरा ठेवला. कुणाचा होता ते आता सांगवत नाही, ओळखीचा नव्हता एवढं खरं.

या कसबाची पावती पोस्टकार्डांतून यायची. बार्शी, मोहोळ, करमाळा, मंगळवेढा, सीमेपलीकडून इंडी. श्रोता संघांच्या गठ्ठ्याने येणाऱ्या कार्डांवर वीस-वीस नावं, एकाच गाण्यासाठी. ती नावं वाचायला मजा यायची. गावाचं नाव चुकलं की आठवड्यात निषेधाचं कार्ड हजर. पण अधूनमधून एकट्याचं कार्ड यायचं. ‘काल तुम्ही माझ्याशी बोलला, बरं वाटलं.’ वाचणाऱ्याला वाटेल अतिशयोक्ती. लिहिणाऱ्याला ती तशी वाटत नसायची.

असाच एक जण केंद्राच्या गेटवर आला होता. रात्रपाळी करणारा विणकर, चाळिशीच्या आसपास. आत सोडा म्हणाला नाही. सुरक्षारक्षकाकडे एक टॉवेल ठेवला, स्वतः विणलेला, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत गेल्या वर्षभरातल्या माझ्या ड्युट्यांच्या तारखा होत्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, कुठली सभा तेही. खाली एकच प्रश्न: दिवाळीत तीन आठवडे आवाज आला नाही, अक्का, आजारी होता का?

मी तेव्हा बाळंतपणाहून परतले होते. इतकं साधं उत्तर होतं. पण ती तारखांची रांग बघून माझ्या अंगावर काटा आला. माझी रजा घरच्यांनीही इतकी नीट मोजली नव्हती. तो माणूस निरुपद्रवी होता, असं आजही मला वाटतं; आणि मी त्या दिवशी घाबरले होते. टॉवेल मी रक्षकाकरवी परत पाठवला, पुढचे काही आठवडे नवरा न्यायला येत होता. त्या काळी कायद्यात या प्रकाराला स्वतःचं कलमच नव्हतं. बाईचा पाठलाग करणं, ती नको म्हणत असताना तिच्याशी संपर्क साधत राहणं याला भारतीय दंडविधानात २०१३ मध्ये जागा मिळाली, ३५४ ड म्हणून. आता न्याय संहितेत ते ७८वं कलम आहे. माझ्या विणकराने त्यातलं काहीही केलं नव्हतं. पुन्हा आलाच नाही तो. कादंबरीतल्या माणसाच्या कपाटात मात्र अशीच तारखांची वही होती, आणि लेखकाने तिला ‘प्रेमाची रोजनिशी’ म्हटलं होतं. त्या पानावर माझा टेक चार वेळा तुटला.

लेखकाला मी हे सांगितलं. तो गप्प झाला, मग म्हणाला, ‘‘मॅडम, पण मुन्नाभाईनेही हेच केलं ना?’’

मुलगा हुशार होता. ‘लगे रहो मुन्नाभाई’ २००६ मध्ये आला. एक गुंड रेडिओवरच्या मुलीच्या आवाजावर भाळतो आणि तिला भेटायला मिळावं म्हणून गांधीजींवरची प्रश्नमंजूषा जिंकायला आपला साथीदार सर्किट याच्याकरवी प्राध्यापक उचलून आणतो. अपहरणकर्ता आणि रेडिओवाली! सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्यानंतर कितीतरी मुली ‘गुड मॉर्निंग’ला हेल काढत आवाजाची चाचणी द्यायला यायच्या आणि त्यांना प्रादेशिक भाषेतलं शेतीविषयक निवेदन वाचायला दिलं की चेहरा पडायचा. फरक एवढाच की मुन्नाने पळवलं प्राध्यापकांना, त्या रेडिओवरच्या जान्हवीला नव्हे. तिच्या दारात तो खोटा प्रोफेसर बनून गेला. आणि ते खोटं उघडं पडलं तेव्हा ती त्याला सोडून गेली. दाराला कडी तिच्या बाजूने होती.

आता निरोपांचं. तो तिच्याकडून ‘मी सुखरूप आहे’ असं रेकॉर्ड करून घेतो, हा भाग लेखकाने घाईत उरकला होता आणि मला वाटतं सगळ्या पुस्तकात खरा थरार तिथेच होता. आमच्या भागातल्या माणसाला हे नवीन नाही. ३० जुलै २००० च्या रात्री वीरप्पनने कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार यांना गाजनूरच्या घरातून नेलं. १०८ दिवस ते जंगलात होते. तिकडून कॅसेट यायच्या, ‘नक्कीरन’चे संपादक गोपाल मध्यस्थ म्हणून ये-जा करायचे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर इथे घराघरांत कन्नड; राजकुमार म्हणजे तिथे घरातला माणूस. लोक मागण्या काय आहेत हे नंतर विचारायचे. आधी विचारायचे, आवाज कसा होता? थकलेला होता का? स्वतःचं बोलत होते की कुणी सांगितलेलं?

हा शेवटचा प्रश्न आमच्या धंद्याचा आहे. लिहिलेलं वाचणारा आणि मनातलं बोलणारा, दोघांचा श्वास वेगळ्या जागी तुटतो. वाचणारा ओळीच्या शेवटी थांबतो, बोलणारा विचाराच्या शेवटी. १९७४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत पॅटी हर्स्ट या एकोणीस वर्षांच्या मुलीला तिच्या बर्कलीतल्या घरातून पळवलं गेलं, तेव्हा अपहरणकर्त्यांनी तिच्या आवाजाची टेप पाठवली ती केपीएफए या रेडिओ स्टेशनला. दोन महिन्यांनी दुसऱ्या टेपमध्ये तिने जाहीर केलं की आता मी यांच्यातलीच आहे, माझं नाव तानिया. मग बँकेवरच्या दरोड्यात ती बंदुकीसह दिसली. खटल्यात तिचं म्हणणं होतं की शब्द त्यांचे होते, मी वाचत होते. ज्यूरीने १९७६ मध्ये तिला दोषी ठरवलं. पुढे कार्टर यांनी शिक्षा कमी केली, २००१ मध्ये क्लिंटन यांनी माफी दिली. म्हणजे एका टेपमधला आवाज वाचतोय की बोलतोय, याचा निकाल लावायला एका देशाला जवळपास सत्तावीस वर्षं लागली, आणि तरी वाद संपला म्हणावा असं नाही.

मी लेखकाला म्हटलं, तुझी नायिका पट्टीची वाचणारी आहे ना? मग तिला हे येत असणार. श्वास चुकीच्या जागी तोडून ती बाहेरच्या सहकाऱ्याला कळवू शकते की हे शब्द माझे नाहीत. अपहरणकर्त्याला शब्द कळतील, श्वास कळणार नाही. त्याने ते प्रकरण पुन्हा लिहिलं आणि चांगलं लिहिलं. तिच्या तोंडी घातलेली ‘स्टॉकहोम सिंड्रोम’वरची दीड पानंही त्याच झपाट्यात गेली. त्या नावामागची क्रिस्तिन एनमार्क ऑगस्ट १९७३ मध्ये सहा दिवस बँकेत ओलीस होती, तिथून तिने पंतप्रधान पाल्मे यांना फोन केला, रेडिओशीही बोलली. पोलिसांच्या बंदुकांचीही भीती वाटत होती आणि जिवंत राहायला जे सुचलं ते केलं, असं ती नंतर सांगत राहिली. तिचं म्हणणं मला पटतं. पळवलेल्या बाईने पळवणाऱ्याशी गोड बोलणं ही अक्कल आहे; तिला आजार म्हणायचं किंवा प्रेम म्हणायचं, दोन्ही बाहेरच्यांचे उद्योग.

त्याच भेटीत आवाजाचा आणखी एक प्रश्न निघाला. निरोपाच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे गिरणीचा भोंगा ऐकू येतो आणि त्यावरून पोलिसांना जागा कळते, असं त्याने लिहिलं होतं. सोलापुरातल्या जुन्या गिरण्या बंद होऊन जमाना झाला. जुनी मिल तर साठच्या दशकातच गेली. मी म्हटलं, ‘‘भोंगा कुठला रे? तुझ्या घरात माग आहेत, त्यांचा आवाज का नाही?’’

तो चक्रावलाच. ‘‘मॅडम, तो आवाज आम्हाला ऐकूच येत नाही. बंद पडला की जाग येते.’’

मग त्याने तो आवाज मला टेबलावर बोटांनी वाजवून दाखवला. साध्या कापडाच्या मागावर फणी दर खेपेला सारखी ठोकते. टॉवेलच्या मागावर तसं नसतं. धोट्याच्या पहिल्या दोन खेपांना फणी अर्ध्यातच थांबते, तिसऱ्या खेपेला पूर्ण पुढे येऊन तिन्ही धागे एकदम ढकलते, आणि तेव्हा टॉवेलचे लूप उभे राहतात. ठक, ठक, ठाक्. चादरीच्या जॅकार्डवर पुन्हा वेगळंच, वर पुठ्ठ्यांच्या साखळीची खडखड. बोटं थांबवून तो स्वतःच म्हणाला, ‘‘म्हणजे हा आवाज ऐकून माझे वडील सांगतील, टॉवेलचा कारखाना आहे. माग दुरुस्त करणारा जॉबर तर माग कुठल्या मेकचा तेही सांगेल.’’ नव्या मसुद्यात पोलिसांना जागा सांगतो तो एक म्हातारा जॉबर. पुस्तकातलं माझं सगळ्यात आवडतं पात्र. तीन पानांचं आहे.

वाचनाची खरी कटकट पुढे सुरू झाली. दिग्दर्शक पुण्याहून हेडफोनमधून ऐकत असायचा. ऑडिओबुकात बाईने पुरुषाचा आवाज काढायचा म्हणजे घसा जाड करायचा नसतो, ते बालनाट्यात चालतं. पट्टी जरा खाली, गती जरा कमी, वाक्याचा शेवट सपाट. ऐकणारा बाकीचं स्वतः भरतो. मी त्याचा आवाज असा ठेवला की त्यात राग नाही, घाई नाही आणि ओलही नाही. हिशेब करणाऱ्या माणसाचा आवाज. चौथ्या प्रकरणात तो तिचे हात बांधतो आणि म्हणतो की मी तुला त्रास देणार नाही. दिग्दर्शक म्हणाला, ‘‘ताई, जरा मऊ करा. त्याचं प्रेम ऐकू येऊ द्या.’’

‘‘हात बांधलेत हो त्याने.’’

‘‘पण श्रोत्याला तो आवडायला हवा.’’

कागदावर ते वाक्य कुणीही कसंही वाचो. माइकसमोर मात्र मीच ठरवते की ते गोड आहे की गार. इतकी वर्षं एका माणसाशी बोलल्यासारखं बोलायला शिकले, ती सगळी आपुलकी मला आता त्याच्या तोंडी घालायला सांगत होते. आणि मला ते जमलं असतं, हीच अडचण. एकदा करून दाखवलंही. हेडफोनमध्ये माझा तो टेक परत ऐकला तेव्हा तो माणूस खरोखर चांगला वाटला. बांधलेले हात ऐकूच आले नाहीत.

बरीच घासाघीस झाली. ठरलं ते असं की नायिका स्वतः जोवर त्याच्यावर विश्वास ठेवत नाही तोवर आवाज माझ्या मनासारखा, कारण आपण तिच्या कानाने ऐकतोय. ती विश्वास ठेवते एकोणिसाव्या प्रकरणात. तिथून पुढे दिग्दर्शकाच्या मनासारखा. लेखकाने लिहिलंय ते मी बदलणार नव्हते, ते माझं काम नाही. शेवटचं लग्न मी भरपूर ओलाव्याने वाचलं, सनईसकट म्हणा ना.

पुस्तक ऐकून लेखकाचा फोन आला. म्हणाला, ‘‘मॅडम, अठराव्या प्रकरणापर्यंत मला तो नको झाला. मी लिहिला तेव्हा असा नव्हता.’’ तक्रार होती की कौतुक ते त्याच्या सुरावरून कळलं नाही, आणि सुरावरून कळत नाही असं माझ्याबाबतीत क्वचित होतं. आता तो दुसरा भाग लिहितोय. त्यात ती खासगी एफएम सोडून आकाशवाणीवर येते. कुठला कार्यक्रम द्यावा तिला, असं विचारत होता. मी म्हटलं, फर्माईश देऊ नकोस, कामगारांचा दे. आणि गेटवरचा रक्षक नीट लिही, मागच्या वेळी तू पार्किंगमध्ये कुणाला ठेवलंच नव्हतंस.